जलसंजीवनी प्रशिक्षण, कोल्हापूर जिल्हा

जुलाबावाटे शरीरातून गेलेले पाणी व क्षार तोंडानेच भरून काढण्याचे कौशल्य आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व आरोग्यसेविका यांना देणारे प्रशिक्षण. ओआरएस म्हणजेच जलसंजीवनी हा त्याचा गाभा, झिंकची गोळी ही त्याची जोड.

हगवण लागलेले मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आटल्यामुळे. नुसते पाणी पाजून ही तूट नीट भरून निघत नाही. मात्र आजारी आतड्यातही ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टर नसलेला माणूस हे काम करू शकतो, याचा हा ठळक दाखला होता. आशांच्या हाती पाकीट देण्यामागे हाच विश्वास आहे.

सध्याच्या पाकिटात एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सायट्रेट असते. प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ द्यायला हवा तो मापाला. घरोघरी तांब्या असतो, पण कोणता तांब्या किती पाण्याचा हे कुणी मोजलेले नसते. पाणी कमी पडले तर द्रावण खारट होऊन बाळाला अपाय होतो, जास्त झाले तर गुण कमी येतो. म्हणून आशाताईने त्या घरातलेच भांडे लिटरच्या बाटलीने मोजून द्यावे, पाकीट अर्धे न वापरता एकदम फोडायला लावावे आणि २४ तासांनी उरलेले ओतून टाकायला सांगावे. बांगलादेशात १९८० च्या दशकात ब्रॅक संस्थेने तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे माप घरोघरी शिकवले. शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना आईच्या लक्षात किती राहिले यावर ठरे. गुळाच्या कोल्हापुरात ही कृती सहज रुजली असती. तरीही मूठ प्रत्येकीची वेगळी, म्हणून पाकीटच बरे.

दोन वर्षांखालील मुलाला दर पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर पाजतात. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करायचे. अंगावरचे दूध, पेज, मऊ भात चालूच ठेवायचे. ‘पाणी दिले की जुलाब वाढतात’ हा समज अजून पुसलेला नाही. घरात शब्द सासूबाईंचा चालतो, तेव्हा द्रावण त्यांच्यासमोर, त्यांच्याच हातून कालवून घेणे हा उत्तम मार्ग.

डोळे खोल जाणे, चिडचिड, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसणे ही पाणी कमी झाल्याची लक्षणे. मूल मलूल पडले, पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे. नेतानाही वाटेत घोट घोट पाजत राहायचे, अर्थात मूल शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तरच.

पंचगंगेच्या काठी पावसाळा हा जोखमीचा काळ. २०१९ व २०२१ च्या महापुरांत शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतली गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी विहिरी व टाक्यांत टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर टाकणे आणि ओटी चाचणीने, म्हणजे थेंब टाकल्यावर येणाऱ्या रंगावरून, पाण्यातले क्लोरीन तपासणे ही कामे जलसंजीवनीइतकीच निकडीची असतात.

झिंक १४ दिवस द्यावे लागते: सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब थांबले की गोळी थांबते, ही नेहमीची अडचण. ऊसतोड मजुरांच्या खोप्यांवर ती अधिक जाणवते, कारण टोळी फड संपताच पुढे सरकते. तेथे चौदाही गोळ्या पहिल्याच भेटीत आईच्या हाती द्याव्यात आणि पहिली गोळी चमचाभर दुधात विरघळवून तिच्याकडूनच पाजून घ्यावी.