धातुकामातील ऑटोमेशन : मराठवाडा

धातू वितळवणे, ओतणे, लाटणे, दाबणे, कापणे, जोडणे आणि मोजणे या कामांत माणसाच्या हाताचे व नजरेचे काम यंत्रणेकडे सोपवणे म्हणजे धातुकामातील ऑटोमेशन. हवेच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरने जॉब (काम करायचा तुकडा) पुढे ढकलण्यापासून ते सहा अक्षांत वळणाऱ्या रोबोपर्यंत सगळे त्यात येते. मराठवाड्यात त्याची मुख्य केंद्रे दोन : वाहनांचे सुटे भाग बनवणारा छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा–वाळूज–शेंद्रा पट्टा आणि सळईसाठी ओळखले जाणारे जालना. दोन्ही शहरांत अंतर साधारण साठ किलोमीटरचे, पण ऑटोमेशन येण्याची कारणे वेगळी. संभाजीनगरात ते गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या मागणीतून आले, कारण त्यांना लाखो भाग एकाच मापाचे हवे असतात. जालन्यात विजेचा व इंधनाचा खर्च, सळईची प्रत आणि तापलेल्या लोखंडाजवळचा धोका यांनी ते आणले.

कोणत्या कारखान्यात किती रोबो आहेत, यावरून या भागाची प्रगती मोजण्याची सवय पडली आहे. ती दिशाभूल करणारी आहे. कोणते काम माणसाच्या हातून सुटले आणि ते सुटल्यावर माल सुधारला का, हे पाहिले तर खरे चित्र दिसते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि पुढे तत्कालीन औरंगाबादेत औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. या भागाला खरी कलाटणी मिळाली ती १९८५ मध्ये, बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला तेव्हा. दुचाकीला लागणारे शेकडो भाग जवळच बनावेत म्हणून भोवती व्हेंडरांचे (भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांचे) जाळे विणले गेले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक यांसारख्या आज देशभर पसरलेल्या कंपन्या याच मातीत वाढल्या. २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली.

जगात या तंत्राचे टप्पे आधीच पडले होते. आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटी संस्थेने १९५२ मध्ये दाखवले. १९६१ मध्ये युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. त्याला दिलेले काम होते डाय-कास्टिंग (धातूचा रस दाबाने साच्यात भरण्याच्या) यंत्रातून गरम भाग बाहेर काढण्याचे. तारांच्या गुंत्यातल्या रिलेंची (विद्युत स्विचांची) जागा घेणारा पीएलसी, म्हणजे यंत्राला क्रमाने आज्ञा देणारा नियंत्रक, १९६९ च्या सुमारास आला. वाळूजच्या डाय-कास्टिंग शेडमध्ये आज रोबो बहुधा तेच करतो जे युनिमेट करत होता. मुळात नकोसे काम कोणते, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी एकच निघाले.

ओतकाम : वाळूजची शेड

दुचाकीच्या इंजिनाची आवरणे, क्लचचे भाग, ब्रेकचे भाग असे पुष्कळसे अ‍ॅल्युमिनियमचे काम उच्च दाबाच्या डाय-कास्टिंगने होते. साधारण ६५० ते ७००° सेल्सिअसचा रस पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, प्लंजरने (दट्ट्याने) ढकलतात. प्लंजर आधी हळू सरकतो, म्हणजे नळीतली हवा बाहेर पडावी. मग तो वेगाने पुढे जातो आणि सेकंदाच्या लहानशा अंशात साचा भरतो. शेवटी दाब वाढवून धातू घट्ट बसवतात. हे तीन टप्पे जुळले नाहीत तर भागाच्या पोटात पोकळ्या राहतात. त्या वरून दिसत नाहीत. मशिनिंग झाल्यावर किंवा गळती तपासताना उघड होतात, तोवर त्या भागावरचा सगळा खर्च झालेला असतो.

पूर्वी कामगार भट्टीतून लॅडलने (मोठ्या पळीने) रस काढून हाताने ओतत असे, भाग चिमट्याने ओढून काढत असे आणि पिचकारीच्या गनने डायवर वंगण मारत असे. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे काम किती जीवघेणे होते, ते करणाऱ्यांनाच ठाऊक. ऑटोमेशन या साखळीत एकेका कडीने शिरले : आधी ठरावीक माप उचलणारा यांत्रिक लॅडल, मग भाग काढणारा यांत्रिक हात, मग फवारणी, आणि शेवटी फ्लॅश (कडेला उरलेला पातळ पापुद्रा) व रनर (रस वाहून नेणाऱ्या वाटेत गोठलेला धातू) तोडणारे ट्रिमिंग प्रेस.

याचा फायदा केवळ वेगाचा आहे असे बाहेरच्याला वाटते. खरा फायदा तापमानाचा आहे. माणूस पाणी प्यायला थांबला की डाय थंड होतो आणि पुन्हा सुरुवात केल्यावरचे पहिले काही शॉट (एका वेळचे ओतकाम) भंगारात जातात. सायकल दर वेळी तितक्याच सेकंदांची झाली की डायचे तापमान स्थिरावते, धातू सारखाच भरतो आणि रिजेक्शन उतरते. नियंत्रक प्रत्येक शॉटचा वेग व दाब नोंदवतो. मर्यादेबाहेर गेलेला भाग रोबो थेट लाल पेटीत टाकतो, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात मिसळत नाही.

प्रेसशॉप

पत्र्याच्या कामात ऑटोमेशनचा प्रश्न आधी बोटांचा आहे, मग उत्पादनाचा. पॉवर प्रेसखाली हात जाऊन बोटे तुटण्याचे अपघात हे या व्यवसायाचे सर्वांत मोठे दुःख. धोकादायक यंत्रभागांना कुंपण घालण्याची सक्ती कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नेच केली होती. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली न येणे आणि हात आत गेल्याबरोबर प्रकाशाच्या पडद्याने यंत्र थांबवणे हे साधे उपाय आहेत आणि ते स्वस्तही आहेत. तरीही पीस-रेटच्या (नगावर मजुरीच्या) घाईत एक बटण तारेने बांधून ठेवण्याचा प्रकार होतो. तो खपवून घेणाऱ्या सुपरवायझरची जबाबदारी कामगारापेक्षा मोठी मानली पाहिजे. कॉइलमधून पत्रा आपोआप सरकवणारा फीडर आणि एका डायमधून दुसऱ्यात भाग नेणारी ट्रान्सफर यंत्रणा बसली की हात डायजवळ नेण्याची गरजच संपते. तेव्हाच ही जोखीम खऱ्या अर्थाने जाते.

सीएनसी आणि छोटी शेड

मराठवाड्यातले बरेचसे मशिनिंग मोठ्या कंपन्यांत नव्हे, तर चार-सहा सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी) टर्निंग मशीन आणि एखाद-दोन व्हीएमसी (उभ्या अक्षाची मिलिंग यंत्रे) असलेल्या व्हेंडरच्या शेडमध्ये होते. इथे ऑटोमेशन टप्प्याटप्प्याने येते, कारण कर्जाचा हप्ता आणि कंपनीकडून येणारी ऑर्डर यांचा मेळ बसवावा लागतो. एक ऑपरेटर दोन-तीन मशीन पाहतो. गोल बार असेल तर बार फीडर लावतात. ओतलेला किंवा फोर्ज केलेला तुकडा असेल तर तो चकमध्ये धरायला हातच लागतो, नाहीतर गॅन्ट्री (वरच्या रुळावरून सरकणारा यांत्रिक हात) किंवा रोबो.

रोबो घेण्याआधी या शेडला तीन गोष्टी नीट कराव्या लागतात. येणारा कच्चा माल एकसारखा हवा. कास्टिंगवर फ्लॅश राहिला असेल तर रोबो तो ओळखत नाही आणि जॉब वाकडा बसतो. चिप्स निघून गेल्या पाहिजेत. अ‍ॅल्युमिनियमची लांब कातरण जॉबला गुंडाळली की विनामाणूस चालणारे मशीन तिथेच अडकते. आणि माप आपोआप घेता आले पाहिजे. टूलचा इन्सर्ट (बदलता येणारी धार) झिजत जातो तसे व्यासाचे माप मायक्रॉनमायक्रॉनने सरकते. कुशल ऑपरेटर ठरावीक नगांनंतर एअर गेजवर (हवेच्या दाबाने माप घेणाऱ्या साधनावर) जॉब लावतो, कल ओळखतो आणि ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) बदलतो. हीच कृती यंत्रणेने करावी यासाठी गेज आणि नियंत्रक एकमेकांशी जोडतात. या तिन्ही गोष्टी न करता आणलेला रोबो कोपऱ्यात उभा राहतो.

म्हणूनच इथे सर्वाधिक पसरले ते कमी खर्चाचे ऑटोमेशन : न्यूमॅटिक सिलिंडर, प्रॉक्झिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की ओळखणारा), छोटा पीएलसी, आणि भाग उलटा बसूच नये अशी पिन असलेले फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारा साचा). यातले बरेचसे स्थानिक टूलरूममध्ये आणि छोट्या पॅनेल बनवणाऱ्यांकडे तयार होते. हे काम दिमाखदार दिसत नाही, पण कंपनीकडून परत येणारा माल कमी करण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

जालना : भट्टी ते सळई

जालन्याचे पोलाद मुख्यतः भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता काढलेले सच्छिद्र लोखंड) यांपासून बनते. इंडक्शन (विजेच्या प्रवर्तनाने तापणाऱ्या) भट्टीत १,६०० अंशांच्या आसपास रस तयार होतो, तो सतत ओतकामाच्या यंत्रात बिलेट (चौकोनी लांब ठोकळा) होतो आणि रोलिंग मिलमध्ये सळई. भंगारात बंद डबा किंवा ओलावा गेला तर पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान हजार पटींहून अधिक वाढते आणि रस उसळतो. म्हणून भंगार आधी निवडून घेणे, बेल करणे (दाबून गठ्ठे बांधणे) आणि चार्जिंगच्या (भट्टीत माल टाकण्याच्या) वेळी माणूस भट्टीपासून दूर ठेवणे हे इथले सर्वांत निकडीचे ऑटोमेशन आहे.

जुन्या मिलमध्ये एका रोलमधून बाहेर आलेले लालभडक टोक चिमटेवाला पकडून पुढच्या रोलमध्ये घालत असे. हे काम करणारे अनेक जण बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले असत. रोलमधून सुटलेली सळई वाट सोडून हवेत उसळली की त्याला मिसरोल म्हणतात. जवळ उभ्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. आधी वळणदार रिपीटरने (सळई पुढच्या रोलकडे वळवणाऱ्या पन्हळीने) आणि मग सरळ रेषेतल्या सलग स्टँडांनी (रोलच्या जोड्यांनी) हा चिमटा काढून घेतला. सलग मिलमध्ये प्रत्येक स्टँडच्या मोटरचा वेग पुढच्या स्टँडच्या वेगाशी जुळलेला असावा लागतो, कारण सळई बारीक होते तशी ती लांब होते आणि अधिक वेगाने धावते. दोन स्टँडांमधला सैल फेरा लूप स्कॅनर पाहतो आणि ड्राइव्हचा वेग दुरुस्त करतो. धावती सळई धावतानाच कापण्यासाठी फ्लाइंग शिअर असते.

टीएमटी (पाण्याने झटकन थंड करून कणखर केलेल्या) सळईचा गुण शेवटच्या काही क्षणांत ठरतो. शेवटच्या स्टँडमधून निघालेली सुमारे १,००० अंशांची सळई पाण्याच्या पेटीतून जाते. बाहेरचा थर एकदम थंड होऊन कठीण होतो, गाभा मात्र तापलेलाच राहतो. पुढे कूलिंग बेडवर गाभ्याची उष्णता बाहेर येऊन त्या कठीण थराला टेम्पर करते, म्हणजे त्याचा ठिसूळपणा घालवते. पाण्याचा दाब, प्रवाह आणि सळईचा वेग यांतले एकही बिघडले तर कडक थर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होतो. हाताने व्हॉल्व्ह फिरवून हे सांभाळणे फार अवघड. पंप, व्हॉल्व्ह आणि पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारे साधन) पीएलसीला जोडले की दिवसभराच्या मालात सारखेपणा येतो. आयएस १७८६ या भारतीय मानकात एफई ५०० सळईला किमान १२ टक्के, तर एफई ५००डी सळईला १६ टक्के लांबणे (ताणल्यावर तुटेपर्यंत) अपेक्षित आहे. ताकद तीच, लवचीकता जास्त. भूकंपाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा, आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या प्रदेशात तर तो नजरेआड करता येत नाही.

मात्र मिल कितीही स्वयंचलित असली तरी रसायनाची चूक ती दुरुस्त करू शकत नाही. इंडक्शन भट्टीचे अस्तर सहसा सिलिकाचे, म्हणजे आम्लधर्मी असते. त्यात फॉस्फरस व गंधक काढून टाकता येत नाहीत. स्पेक्ट्रोमीटर नमुन्याची घटकद्रव्ये झटपट सांगतो, पण वाईट भंगार आत गेल्यावर तो फक्त वाईट बातमी देतो. खरेदी करणाऱ्याची निवड आणि भंगाराच्या ढिगावरची तपासणी यांना इथे पर्याय नाही.

बिलेट थंड न होऊ देता थेट मिलमध्ये नेण्याच्या पद्धतीने पुन्हा तापवण्याचे इंधन वाचते. त्यासाठी ओतकाम आणि रोलिंग यांचे वेग जुळावे लागतात. एक थांबले की दुसरेही अडते. पाण्याचे चक्रही बंद ठेवावे लागते : खवल्यांच्या (तापलेल्या पोलादावरून सुटणाऱ्या पापुद्र्यांच्या) खड्ड्यातून गाळून, कूलिंग टॉवरवर थंड करून तेच पाणी पुन्हा वापरतात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा प्रदेशात हे चक्र उत्पादनाची अट बनते.

लातूर

मराठवाडा रेल्वे डबे कारखान्याचे भूमिपूजन २०१८ मध्ये झाले आणि पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडला. रेल्वेच्या डब्याच्या लांबलचक पत्र्यांवर अखंड सांधे मारायचे तर मार्गावरून सरकणारी वेल्डिंग यंत्रे आणि मोठी जिग (भाग जागेवर धरणारे सांगाडे) लागतात. असे काम लातूर भागाला नवीन आहे.

माणसे आणि कौशल्य

हेल्परची आणि चिमटेवाल्याची कामे घटली आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्यातली बरीचशी कंत्राटी होती, त्यामुळे ती गेल्याची नोंदही राहिली नाही. वाढली ती सेटरची (यंत्र जुळवून देणाऱ्याची) आणि मेन्टेनन्सची गरज. रोबोचा ग्रिपर बदलणे, सेन्सर का फसवतो ते शोधणे, पीएलसीची लॅडर (आज्ञावलीची शिडीसारखी आकृती) वाचणे, सर्व्होचा (अचूक नियंत्रणाच्या मोटरचा) अलार्म कशाने आला ते ओळखणे ही कामे करणारा माणूस तिसऱ्या शिफ्टला हजर नसेल तर अख्खी लाइन सकाळपर्यंत उभी राहते. चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल-डाय, सीएनसी आणि मेकॅट्रॉनिक्सचे (यंत्र व इलेक्ट्रॉनिक्स एकत्र हाताळण्याचे) शिक्षण मिळते आणि तिथून निघालेली मुले वाळूजच्या शेडमध्ये दिसतात. वाळूजमध्ये मराठवाडा ऑटो क्लस्टरही आहे. एकट्या छोट्या उद्योजकाला न परवडणारी साधने सामाईक वापरता यावीत हा त्यामागचा विचार. आयटीआयमधल्या यंत्रांचे वय आणि शेडमधल्या यंत्रांचे वय यांत जिथे अंतर आहे, तिथे मुलगा खरे शिक्षण पहिल्या नोकरीतच घेतो.

दिल्ली–मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग असलेल्या ऑरिक या औद्योगिक नगरीच्या शेंद्रा व बिडकीन या वसाहतींकडे विजेवर चालणाऱ्या वाहनांचे उद्योग वळत आहेत. या वाहनांना इंजिनाचे भाग लागत नाहीत, पण मोटर आणि बॅटरीची अ‍ॅल्युमिनियमची आवरणे लागतात. ती मोठी आणि पातळ भिंतींची असतात आणि त्यांत पाणी मुळीच शिरता कामा नये. वाळूजच्या डाय-कास्टिंगवाल्यांना त्यासाठी व्हॅक्यूमची जोड, अधिक टनांची यंत्रे आणि प्रत्येक नगाची गळती तपासणारी स्वयंचलित स्थानके बसवावी लागणार आहेत.