फ्रिजचा गॅस ‘संपत’ नसतो

फ्रिज जुना झाला की गॅस संपतो, दर काही वर्षांनी भरावाच लागतो, हा समज घरोघरी आहे. पण हा काही स्वयंपाकाचा सिलिंडर नव्हे. बंद नळ्यांत तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

पुष्कळदा दुखणं भलतंच असतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फ्रीझर गार पण खालचा कप्पा कोमट असेल, तर मागच्या कॉइलवर बर्फ साचला असण्याची शक्यता जास्त. डीफ्रॉस्ट हीटर (हा बर्फ वितळवतो), बायमेटल (हीटर चालू-बंद करणारा तापमानाचा स्विच) आणि पंखा तपासा. कॉम्प्रेसर सुरू होता होता ‘टक्’ करून बंद पडत असेल तर आधी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा स्विच) आणि ओव्हरलोड (जास्त भार आला की कॉम्प्रेसर बंद करणारा) बघा, दोन्ही स्वस्तातले. दारात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर गॅस्केट, म्हणजे दाराची रबरी पट्टी, सैल.

गळती सापडलीच, तर जोड बुजवून, नवा फिल्टर ड्रायर (नळीतला ओलावा आणि कचरा अडवणारा) लावून, व्हॅक्यूम करून म्हणजे नळ्यांतली हवा काढून, गॅस काट्यावर मोजून भरायचा. ‘अंदाजे’ भरणाऱ्याला परत पाठवा: आर-६००ए (बऱ्याच नव्या फ्रिजमधला गॅस) लागतो जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास, शिवाय तो ज्वलनशील. गळती फ्रिजच्या भिंतीतल्या फोममधल्या नळीत असेल, तर मात्र नवा फ्रिज घेतलेला बरा.