साइट उघडत नाही? आधी अडलंय कुठे ते पाहा

कोथरूडच्या घरात ब्रॉडबँडवर एखादी साइट उघडत नाही आणि मोबाइल डेटावर तीच झटकन उघडते, तर ‘सर्व्हर डाउन असेल’ म्हणून सोडून देऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली सरकार साइट बंद करायला सांगतं, कोर्टंही सांगतात. प्रत्यक्षात अडवते ती इंटरनेट कंपनी, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

सर्वांत स्वस्त तऱ्हा डीएनएसची. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) सांगणारा कंपनीचा सर्व्हर खोटा पत्ता देतो, नाहीतर असं नावच नाही म्हणतो. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’ (nslookup) आणि पुढे साइटचं नाव टाइप करा. मग तीच कमांड शेवटी 1.1.1.1 जोडून द्या; हा क्लाउडफ्लेअरचा, म्हणजे तुमच्या कंपनीबाहेरचा, डीएनएस सर्व्हर. पत्ते वेगळे आले म्हणून लगेच बोंब नको; मोठ्या साइट्सचे पत्ते ठिकाणानुसार बदलतात. 127.0.0.1, म्हणजे तुमच्याच लॅपटॉपचा पत्ता, आला तर मात्र संशय रास्त. उलट, दोन्ही उत्तरं जुळली तरी निर्धास्त होऊ नये. पोर्ट 53 या डीएनएसच्या ठरलेल्या वाटेनं जाणारी ही विचारणा उघडी असते, त्यामुळे 1.1.1.1 च्या नावानं कंपनीच उत्तर देऊ शकते. अँड्रॉइड 9 पासूनचं ‘प्रायव्हेट डीएनएस’ हीच विचारणा एन्क्रिप्ट करून पाठवतं. तिथे आकडे चालत नाहीत, ‘डीएनएस डॉट गूगल’ असं नावच इंग्रजीत टाकावं लागतं.

एवढं करूनही ‘कनेक्शन रीसेट’ दिसलं, तर बहुधा एसएनआय तपासलं जातंय. एचटीटीपीएसमध्ये मजकूर झाकलेला असला, तरी जोडणीच्या सुरुवातीलाच साइटचं नाव उघडं जातं. मधलं यंत्र ते वाचून जोडणी तोडतं. डीएनएस बदलून इथे काही साधत नाही. हे नाव झाकणारं ईसीएच क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आलंय, पण साइटच्या बाजूनंही ते चालू असावं लागतं.

कलम 69अ खालच्या 2009 च्या नियमावलीतला नियम 16 साइट बंद करण्याचे सरकारी आदेश गुप्त ठेवायला सांगतो. 2022 मध्ये व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची साइट भारतात बंद झाली, तेव्हा ती चालवणाऱ्यांनाही आधी नोटीस नव्हती. कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरात ती खुली झाली. म्हणूनच ग्राहकानं केलेली नोंद मोलाची. ‘ऊनी प्रोब’ हे मोफत ॲप साइट्स तपासून निकाल नेटवर्कच्या क्रमांकासह जाहीर करतं. तपासल्या जाणाऱ्या काही साइट्स वादग्रस्त असतात, तेव्हा चाचणी हिंजवडीतल्या ऑफिसच्या वायफायवर नको, घरच्या कनेक्शनवर करा. आणि व्हीपीएन आधी बंद करा, नाहीतर नोंद व्हीपीएनच्या नेटवर्कची होईल.