गोव्यातली चर्चं आणि निसर्गसंवर्धन

गावोगावच्या चर्चनी, गोव्यात म्हणतात तसं इगर्जींनी, आपल्या आवारातली जमीन, झाडं, विहीर आणि इमारत निसर्गाला धरून सांभाळायची, पक्षी-प्राण्यांना तिथे राहू द्यायचं आणि पॅरिशमधल्या, म्हणजे त्या इगर्जेच्या हद्दीतल्या, लोकांनाही त्यात सामील करून घ्यायचं, या सगळ्या कामाबद्दलची ही नोंद. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात साधारण २५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या तालुक्यांत जवळपास प्रत्येक मोठ्या गावाला इगर्ज आहे, वाड्यावाड्यावर कपेल म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर आहे, वाटेवर, टेकडीवर, अगदी खाजनाच्या म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधावरसुद्धा खुरीस म्हणजे क्रूस उभा दिसतो. म्हणजे इगर्जेचा हात पोचत नाही अशी जागा या भागात फार थोडी, आणि म्हणूनच इगर्जेने काय केलं आणि काय नाही केलं याचा इथल्या निसर्गावर सरळ परिणाम होतो.

चर्च आणि पर्यावरण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर वृक्षारोपणाचा फोटो येतो. रोपं लावावीतच, पण गोव्यात त्याहून मोठं काम म्हणजे जे आधीपासून आहे ते मोडू न देणं. जुना मनोरा, चिऱ्याची भिंत, आवारातलं गवत, मागच्या बाजूची विहीर, शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेली फेस्तं म्हणजे ख्रिस्ती सण, ही सगळी तयार संपत्ती आहे आणि ती दुरुस्तीच्या नावाखाली एका उन्हाळ्यात नाहीशी होऊ शकते.

विचार कुठून आला

असिसीचे संत फ्रान्सिस यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली पर्यावरणाचं काम करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आलं, त्यात पृथ्वीला सगळ्यांचं सामायिक घर म्हटलंय आणि निसर्गाचा ऱ्हास आणि गरिबांचे हाल हा एकच प्रश्न आहे असं स्पष्ट मांडलंय. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरातली अनेक चर्चेस सृष्टीचा काळ म्हणून पाळतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ए रोशा या ख्रिस्ती संस्थेने २०१६ मध्ये इको चर्च नावाची योजना सुरू केली, त्यात उपासना, इमारत, जमीन, समाजाशी नातं आणि राहणीमान अशा बाजूंनी चर्चने स्वतःला तपासायचं आणि कामाप्रमाणे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असं मानांकन मिळवायचं. गोव्यात गोवा आणि दमण आर्चडायोसिसचं म्हणजे आर्चबिशपच्या धर्मप्रांताचं सामाजिक न्याय आणि शांती मंडळ आणि पर्यावरण आयोग हे विषय बघतात, पण खरं काम होतं ते पॅरिशमध्ये. तिथे विगार म्हणजे मुख्य पाद्री, मालमत्ता सांभाळणारी फाब्रिक समिती आणि वाड्यावाड्यावरचे छोटे ख्रिस्ती समुदाय अशी माणसं असतात, आणि मनोऱ्याला कधी प्लास्टर करायचं, कुठलं झाड तोडायचं हे शेवटी फाब्रिकच्या मीटिंगमध्येच ठरतं.

मनोऱ्यातले रहिवासी

गोव्याच्या इगर्जींचे मनोरे उंच, आत अंधार, वर घंटा आणि चारी बाजूंनी उघड्या कमानी. गव्हाणी घुबडाला अगदी अशीच जागा लागते. हे घुबड घरटं बांधत नाही, झाडाची ढोली किंवा इमारतीतला शांत कोपरा शोधतं आणि तिथेच अंडी घालतं. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, रात्री उडताना पंखांचा जराही आवाज नाही. दिवसभर मनोऱ्यात झोपून संध्याकाळी ते शेतावर निघतं आणि भाताचा नाश करणारे उंदीर, चिचुंद्र्या पकडतं.

ते तिथे आहे हे ओळखायचं असेल तर घंटेकडे जाणाऱ्या जिन्यावर खाली बघा. अंगठ्याएवढ्या लांबीच्या काळपट गोळ्या पडलेल्या असतात, ताज्या असल्या तर वर चकाकी असते. घुबड उंदीर अख्खा गिळतं, आणि केस नि हाडं पचत नाहीत ती अशी गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकतं. एक गोळी पाण्यात भिजवून काडीने सोडवली की उंदराची कवटी, पिवळसर पुढचे दात, बारीक बरगड्या सगळं सुटं होतं. कॅटेकिझमच्या म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना एवढं एकदा करून दाखवलं की घुबड अशुभ असतं हे त्यांना पुन्हा कोणी पटवू शकणार नाही, आणि ही समजूत जाणं गरजेचंच आहे कारण तिच्यापायी आजही घुबडांना दगड मारले जातात, पिल्लं खाली फेकली जातात. शेतात आणि घरात घातलेलं उंदरांचं विष हा दुसरा धोका, विष खाल्लेला सुस्त उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि विष त्याच्याही पोटात जातं.

त्याच मनोऱ्यात पाकोळ्या राहतात. संध्याकाळी इगर्जेच्या दर्शनी भागावरून चीं-चीं करत झुंडीने घिरट्या घालणारे छोटे काळे पक्षी, कंबरेवर पांढरा पट्टा. त्यांचे पाय इतके आखूड की तारेवर किंवा फांदीवर नीट बसताच येत नाही, भिंतीला लटकतात. हवेतली पिसं आणि गवत लाळेने चिकटवून छताखाली, कमानीच्या कोपऱ्यात घरटी करतात आणि उडतानाच किडे खातात.

आता होतं काय, फेस्ताआधी रंगरंगोटी निघते, कबुतरांचा त्रास म्हणून कमानींना जाळी मारतात, भेगा सिमेंटने बुजवतात, दर्शनी भागावर रात्रभर फ्लडलाइट सोडतात. हेतू वाईट नसतो, पण जाळीने कबुतराबरोबर घुबडही बाहेर पडतं आणि पिल्लं आत असतील तर ती उपाशी मरतात. यावर उपाय स्वस्त आहेत. काम काढण्याआधी वर चढून घरटं आहे का ते बघायचं, असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं, एक कमान उघडी ठेवायची किंवा आतल्या बाजूला लाकडी पेटी बसवायची, फ्लडलाइट रात्री दहानंतर बंद करायचे. इंग्लंडमध्ये कितीतरी चर्चच्या मनोऱ्यांत पाकोळ्यांसाठी अशा पेट्या बसवल्यात. जुन्या गोव्यातल्या वास्तूंची गोष्ट वेगळी, तिथली चर्चेस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय तिथे काही करता येत नाही.

आवार, भिंत आणि दफनभूमी

चिऱ्याची जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ, नेचे उगवतात, भोकांत पाली, सरडे, बेडूक राहतात. ती पाडून सिमेंटची गुळगुळीत भिंत घातली की हे सगळं संपतं. तसंच पेव्हरचं, म्हणजे जमिनीवर बसवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यांचं. गेल्या काही वर्षांत गाड्या लावायला म्हणून आवारं पेव्हरने झाकायची जणू साथच आलीय, पाणी जमिनीत मुरत नाही, उन्हात आवार तापतं, आणि आंबा, फणस, चाफ्याच्या बुंध्यापर्यंत सिमेंट गेल्यामुळे झाडं हळूहळू वाळतात. निदान झाडाभोवतीचा भाग मोकळा ठेवावा आणि आवाराचा एक कोपरा पावसाळाभर न कापता सोडावा. त्या गवतात फुलपाखरं अंडी घालतात, मुनिया दाणे टिपतात, आणि ऑक्टोबरात गवत वाळल्यावर एकदा कापलं तरी चालतं.

दफनभूमीचा प्रश्न २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, समोर येतो. त्या दिवशी प्रत्येक थडग्यावर फुलं आणि मेणबत्त्या, पण त्यात प्लास्टिकची फुलं, थर्माकोल, प्लास्टिकचे कप असं भरपूर येतं आणि नंतर कोपऱ्यात जाळलं जातं. शेवंती, झेंडू, आबोली आपल्याकडे मुबलक आहेत, ती वाहावीत आणि नंतर खत करावं.

फेस्तं, शेत आणि समुद्र

गोव्यातल्या ख्रिस्ती सणांची नाळ पावसाशी आणि भाताशी आहे, हे इथल्या हिंदू शेजाऱ्यांना वेगळं सांगायला नको. २४ जूनला सांजांव म्हणजे संत जॉनचं फेस्त, डोक्यावर फुलापानांचं कोपेल म्हणजे मुकुट घालून भरलेल्या विहिरीत उड्या मारायच्या. २९ जूनला संत पेद्रूचं फेस्त, होड्या एकत्र बांधून सांगड काढतात, आणि त्या वेळी १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी चालू असते, म्हणजे मासे अंडी घालतात त्या दिवसांत दर्या मोकळा आणि होड्या सणाला. मग ५ ऑगस्टला राय गावात आणि २१ ऑगस्टला ताळगावात कणसांचं फेस्त. मिस्सा म्हणजे इगर्जेतली उपासना झाल्यावर मिरवणूक शेतात जाते, पाद्री विळ्याने नवी कणसं कापतात, आशीर्वाद देतात आणि लोक ती घरी नेऊन वेदीवर ठेवतात. आमच्या हिंदू घरांत चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम करतात तेव्हाही कणसंच घरात येतात.

पण कणसं कापायला शेत पिकलेलं पाहिजे, आणि सासष्टी-बार्देशात आज कितीतरी शेतं पड म्हणजे न पिकवता पडून आहेत. खाजन शेती तर फारच नाजूक. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन मानली जाते. खाडीचं खारं पाणी बांधाने अडवलेलं, मानशीच्या म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारांनी भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर सोडायचं, पावसात कोरगुटसारखं खारं सोसणारं भात आणि नंतर मासे, काही ठिकाणी मीठ. बांध फुटला की खारं पाणी शेतात घुसतं आणि भात जातं, पडीक राहिलं की भराव टाकणाऱ्यांचा डोळा जातो. काही गावांत पाद्रींनी स्वतः पुढाकार घेऊन, तरुणांना गोळा करून, यंत्रं मिळवून पड शेतं पुन्हा पिकवली. माझ्या मते गोव्यात चर्चने केलेलं हे सगळ्यात मोलाचं पर्यावरणाचं काम, कारण एक खाजन जगलं की त्याच्याबरोबर बगळे, खंड्या, कोळंबी, खेकडे सगळे जगतात. शेतीचं रीतसर शिक्षण देणारं डॉन बॉस्को कृषी महाविद्यालयही सुळकर्णे इथे २०१५ मध्ये सालेझियन फादर्सनी सुरू केलं.

तळ्यांचंही तेच. कुडतरीची संत आलेक्स इगर्ज तळ्याच्या काठावर उभी आहे, या गावाची शेती तळ्यांच्या पाण्यावर चालते आणि तळ्यांवर कमळपक्षी, अडई बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. जुन्या इगर्जींच्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ पारदर्शक शिंपले बसवलेले असत. ते शिंपले चिखलीच्या खाडीत आजही जिवंत आहेत आणि वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. ज्या समाजाने या शिंपल्यांतून उजेड घरात घेतला त्याने ती खाडी वाचवण्यात पुढे असायला हवं.

पहिल्या पावसात बेडूक पकडून खाण्याची सवय अजून पूर्ण गेलेली नाही, तो गुन्हा आहे. वन खात्याच्या पोस्टरपेक्षा जूनमधल्या रविवारी मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये पाद्रींनी दोन वाक्यं सांगितली तर ती घराघरात पोचतात.

पाणी आणि रोपं

इगर्जेचं छप्पर हे गावातलं सगळ्यात मोठं छप्पर असतं. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ५०० चौरस मीटरच्या छपरावर १५ लाख लिटर पाणी पडतं, त्यातलं थोडं जरी गाळून आवारातल्या विहिरीत सोडलं तरी एप्रिल-मेमध्ये फरक दिसतो.

रोपांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. सृष्टीचा काळ सप्टेंबरात येतो म्हणून तेव्हा रोपं लावली जातात, पण गोव्यात तेव्हा पाऊस ओसरायला लागलेला असतो आणि रोपाला मुळं धरायला वेळच मिळत नाही, पुढे थेट जूनपर्यंत कोरडं. लागवड सांजांवच्या आसपास करावी आणि सप्टेंबरात त्या रोपांना आळी करून पालापाचोळा घालावा. झाडंही इथलीच हवीत, भिरंड म्हणजे कोकम, जांभूळ, वड, उंबर, कोकणातल्या पक्ष्यांना ओळखीची.

रस्त्यावर उतरलेली इगर्ज

२००६-०७ मध्ये रिजनल प्लॅन २०११ या जमीनवापराच्या सरकारी आराखड्याविरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं तेव्हा चर्च लोकांबरोबर होतं आणि सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. २०२० मध्ये मोलेच्या जंगलातून जाणारे रेल्वे दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि महामार्ग हे तीन प्रकल्प आले, त्यालाही चर्चने उघड विरोध केला. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला रेल्वेरुळांवर लोक पहाटेपर्यंत बसून होते. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. या लढ्यात सगळ्या धर्मांची माणसं होती हे मुद्दाम लिहायला हवं. कुंभारजुवे कालव्याकाठच्या गावांत मातीची मगर करून पूजणारी मांगे थापणी आणि बांधावरच्या खुरसापुढे लागणारी मेणबत्ती, दोन्ही एकाच खाजनासाठी आहेत.

अडचणी

फेस्ताचे फटाके पक्ष्यांना घरट्यातून उठवतात. प्रत्येक फेस्ताच्या फेरीत म्हणजे जत्रेतल्या बाजारात प्लास्टिक उरतं, आणि ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात गर्दी होते तेव्हा चालत येणाऱ्या भाविकांच्या वाटेवर बाटल्यांचा खच पडतो. नाताळचा गोठा मात्र अजून बऱ्याच घरांत जुन्या पद्धतीने होतो, गवत, माती आणि आधीच पेरून उगवलेली नाचणी, तोच इगर्जेतही ठेवला तर थर्माकोल आपोआप जाईल.

सगळ्यात मोठी अडचण बदलीची. विगारांची काही वर्षांनी बदली होते, उत्साही पाद्री गेले की खतखड्डा बुजतो, रोपांना पाणी कोण घालणार हे ठरलेलं नसतं आणि नवे विगार दुसरं काही हाती घेतात. जिथे फाब्रिकने हे काम आपल्या बजेटमध्ये धरलं आणि वाड्यावरच्या समुदायांनी पाळ्या लावून घेतल्या, तिथे ते पाद्री बदलले तरी चालू राहतं. म्हणून नव्या पॅरिशने सुरुवात करताना आधी आवारात काय आहे त्याची वही करावी, कुठलं झाड, कुठल्या कमानीत कोण राहतं, विहिरीचं पाणी मेमध्ये किती खाली जातं, आणि ती वही फाब्रिकच्या कपाटात मालमत्तेच्या कागदांबरोबर ठेवावी.