येरवड्याहून घरी येणारा निरोप

तुरुंगातल्या माणसाने घरी दोन ओळींचा मेसेज पाठवायचा आणि घरच्यांनी त्याला उत्तर लिहायचं, हे अमेरिकेतल्या बऱ्याच तुरुंगांत आता नेहमीचं झालं आहे. आपल्याकडे हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे कैद्याच्या हातात मोबाईल द्यायचा का?’ आणि बोलणं तिथेच थांबतं. पुण्यात राहणाऱ्यांनी तरी ते तिथे थांबवू नये, असं मला मनापासून वाटतं. आतल्या माणसाचा निरोप घरी कसा जावा, या प्रश्नाला येरवड्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

येरवडा मध्यवर्ती कारागृह १८७१ सालचं. तेव्हा ते नदीपलीकडे, गावाबाहेर होतं. आज पुणं त्याच्या चहूबाजूंनी वाढलं आहे. त्यानंतर २३ वर्षांनी १८९४ चा तुरुंग कायदा आला. त्याचं ४० वं कलम सांगतं की कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे त्याला, ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यांना योग्य वेळी, योग्य ती बंधनं घालून आत येऊ द्यावं. ४२ वं कलम सांगतं की नियम मोडून कैद्याशी संपर्क साधणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भेटीची सोय आणि संपर्काची शिक्षा यांत जेमतेम दोन कलमांचं अंतर. पुढे पत्र आलं, फोन आला, व्हिडिओ आला, तरी तुरुंग चालवणाऱ्यांचं मन या दोन कलमांमध्येच येरझारा घालत राहिलं.

हा निरोप किती उशिरा आणि किती कोरडा पोहोचू शकतो, हे पुण्याने टिळकांच्या घरात पाहिलं. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेला. १९१२ मध्ये इकडे पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या आणि ती बातमी त्यांना तारेने कळली. माघारी पत्र लिहिण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

गांधीजींचं येरवड्यातलं उदाहरण आणखी बोलकं आहे. मार्च १९२२ मध्ये ते इथे आले तेव्हा नियम असा होता की तीन महिन्यांतून एक भेट, एक पत्र लिहायचं आणि एक यायचं. एप्रिलमध्ये त्यांनी काँग्रेसचे नेते हकीम अजमलखान यांना लिहिलेलं पत्र सरकारने अडवून ठेवलं. तेव्हा त्यांनी पत्र लिहायचा हक्कच सोडून दिला. आठ वर्षांनी, १९३० मध्ये, त्याच तुरुंगातून ते साबरमतीच्या आश्रमाला दर आठवड्याला पत्र धाडत होते. मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेत ती वाचली जात. तुरुंग तोच, कैदीही तोच, फक्त सरकारची मर्जी वेगळी. ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही अशा कैद्यांच्या वाट्याला ही मर्जी किती येत असेल, याचा अंदाज करणं अवघड नाही. त्यातल्या कितीतरी जणांना लिहिताच येत नसे. मनातलं शेजारच्या बराकीतल्या कुणा लिहित्या माणसाला सांगायचं आणि घरीही ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं, म्हणजे पत्र तपासणाऱ्या साहेबाची नजर पडायच्या आधीच आपलं दुःख दोन परक्या कानांवर गेलेलं.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६२ मध्ये कैद्यांच्या सोयींचे नियम केले. भेटी आणि पत्रं त्यांत बसवली गेली. लगेचच एक प्रकरण घडलं, ते मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी एक मराठी पुस्तक लिहिलं. निखळ भौतिकशास्त्र. हस्तलिखित छापण्यासाठी बायकोकडे पाठवू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक पाठवायला मनाई कुठेही नाही, तेव्हा सरकारला ते अडवता येणार नाही. नवऱ्याचे कागद बायकोपर्यंत पोहोचावेत यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

तिहारमधल्या सुनील बात्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहिलेलं पत्र तर न्यायालयाने याचिका म्हणूनच दाखल करून घेतलं. दुसऱ्या एका कैद्याचे हाल चालले आहेत, हे त्या पत्रात होतं. १९७९ च्या त्या निकालात घरच्यांच्या भेटीगाठींचं मोल स्पष्ट शब्दांत मांडलं गेलं. १९८१ मध्ये फ्रान्सिस कोरली मुलिन या स्थानबद्ध बाईंच्या प्रकरणात, घरच्यांना भेटणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हेही न्यायालयाने सांगून टाकलं. कायद्यापुरता हा मुद्दा तेव्हाच मिटला. राहिलं ते रोजच्या व्यवहाराचं.

तो व्यवहार कसा असतो, हे मला एका अंतर्देशीय पत्राने शिकवलं. ओळखीच्या घरी पाहिलेलं. राज्यातल्या कुठल्याशा तुरुंगातून आलेलं, निळं, घडीवर फाटत चाललेलं. वर ‘ती. आईस शि. सा. नमस्कार’, खाली ‘इकडील सर्व ठीक’. मग वकिलाचे पैसे दिले का, पप्पूची फी भरली का, लाडू आणू नका, आत घेत नाहीत. जागा संपली म्हणून समासात उभ्या ओळी. कोपऱ्यात तपासल्याचा शिक्का, त्यावर लाल शाईची सही. मधली दीड ओळ काळी केलेली. त्या आईने ते पत्र उजेडासमोर धरून ती दीड ओळ वाचायचा किती वेळा प्रयत्न केला, ते कागदच सांगत होता. तेवढ्याच जागी तो बोटांनी मऊ झाला होता.

पुढे नाणं टाकून बोलायचे फोन आले. पत्राच्या मानाने ही मोठीच सुधारणा, कारण आवाज ऐकू येतो. पण नंबर आधी नोंदवलेला हवा, तो तपासलेला हवा, रांगेत आपली पाळी यायला हवी, आणि त्याच क्षणी घरच्या माणसाने फोन उचलायला हवा. आई धुण्याभांड्याच्या कामावर असेल तर फोन पिशवीतच वाजत राहतो. मार्च २०२० मध्ये करोनाने प्रत्यक्ष मुलाखती बंद पाडल्या. (तुरुंगाच्या दारात भेटीला मुलाखतच म्हणतात.) जाळीपलीकडचा चेहरा दिसेना, तेव्हा राज्यातल्या तुरुंगांनी व्हिडिओ कॉल सुरू केले. इतकी वर्षं ज्याला सुरक्षेचं कारण सांगितलं जात होतं, ते काही महिन्यांत जमलं. त्याच्या आधीपासून ई-मुलाखतीचं सरकारी पोर्टल होतंच, पण लोकांनी ते खरं वापरलं ते या काळात. २०२३ मध्ये येरवड्यात स्मार्ट कार्डावरचे फोन बसले. ठरलेले नंबर, मोजकी मिनिटं.

एवढ्या सगळ्यात गंमत अशी झाली की बोललेला शब्द वेगाने पुढे गेला आणि लिहिलेला शब्द मागेच राहिला. पत्र आजही टपालाने जातं. मोबाईलवर लेखी काही येतंच, पण ते एकतर्फी: ई-मुलाखतीच्या नोंदणीचा ओटीपी, ई-कोर्टाची पुढच्या तारखेची सूचना. यंत्रणा घराला मेसेज पाठवते. मुलगा आईला पाठवू शकत नाही.

अमेरिकेत जेपे नावाची कंपनी २००२ पासून आहे. घरच्यांनी इलेक्ट्रॉनिक तिकिटं विकत घ्यायची आणि त्यावर संदेश पाठवायचा. पुढे तुरुंगांत टॅबलेट आले, तेही बाहेरच्या इंटरनेटला न जोडलेले. प्रत्येक संदेश तपासता येतो, साठवला जातो. तिथली खरी तक्रार वेगळी आहे: पैसा. तुरुंगातल्या संपर्काचा धंदा काही कंपन्यांच्या हाती गेला आणि भार पडला तो आधीच मोडलेल्या घरांवर. मार्था राइट या आजीने नातवाशी बोलण्याच्या बिलांविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. तिच्या नावाचा कायदा होऊन या दरांना लगाम घालायची वाट मोकळी व्हायला जानेवारी २०२३ उजाडावं लागलं. आपण उद्या ही सोय आणू तेव्हा ठेका कुणाला, दर काय, हे पहिल्या दिवशीच विचारायला हवं. ब्रिटनची रीत साधी आहे. घरच्यांचा ईमेल तुरुंगात कागदावर छापून कैद्याच्या हाती दिला जातो.

म्हणूनच ‘कैद्याच्या हातात मोबाईल?’ हा प्रश्न मला चुकीच्या जागी उभा वाटतो. लेखी मेसेज हा जातीने पोस्टकार्डाचा भाऊ आहे. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ पासून आहे, उघडं आहे, कुणीही वाचावं असं आहे, आणि तुरुंगाने त्याला कधी घाबरून नकार दिलेला नाही. फोन ऐकायला अधिकाऱ्याला तेवढीच मिनिटं बसावं लागतं. दोन ओळी तो एका नजरेत वाचतो. सुमारे अडीच हजारांची क्षमता असलेल्या येरवड्यात दुपटीहून जास्त माणसं राहतात. देशभर पाहिलं तर २०२२ च्या आकडेवारीत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे होते. या सगळ्यांसाठी खिडक्या, फोन आणि मिनिटं कुठून पुरणार?

न पुरलेलं सगळं मग तारखेवर येतं. कोर्टाच्या आवारात पोलीस गाडीपाशी बायका उभ्या असतात, हातात पाण्याची बाटली, कागदांची पिशवी. गाडीतून उतरून आत नेईपर्यंतची पंधरा-वीस पावलं हीच त्यांची भेट. गेल्या जूनमध्ये अशीच एक बाई बेडीतल्या नवऱ्याच्या बाजूने भराभर चालताना मी पाहिली. हवालदाराने हटकायच्या आत तिने घाईघाईने सांगून टाकलं, ‘पोरगी दहावी पास झाली. बासष्ट टक्के.’ तो थबकला, हसला, आणि त्याला पुढे नेलं. निकाल लागून सव्वीस दिवस झाले होते.