औषध कारखान्याचं खारं पाणी उन्हात का वाळवत नाहीत?

औषधाचा कारखाना येणार म्हटलं की विदर्भातल्या गावांत एक प्रश्न हमखास निघतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, मग कारखान्याचं खराब पाणी उघड्या टाक्यांत पसरून आटवायला काय हरकत आहे? त्यासाठी कोळसा कशाला जाळायचा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर साध्या हिशेबात सापडतं.

समजा, कारखान्यातून रोज ५० हजार लिटर खारं पाणी निघतं. वर्षभराची सरासरी धरून रोज ५ मिलिमीटर पाणी उडतं असं मानलं, तर एक चौरस मीटरवरून ५ लिटर जाईल. म्हणजे एक हेक्टर टाकी लागेल. इथवर सगळं ठीक वाटतं. पण पूर्व विदर्भात पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हेक्टर टाकीत त्याचं एक कोटी लिटर पाणी जमा होईल, म्हणजे कारखान्याचं २०० दिवसांचं पाणी चार महिन्यांत वरून येऊन पडेल. टाकी भरून वाहील आणि सगळं नाल्यात जाईल. शिवाय पाणी जसजसं खारट होतं तसतसं ते हळू उडतं. आणि पाण्याच्या आधी उडतात ते त्यातले मिथेनॉल, अ‍ॅसिटोन, टोल्युइनसारखे द्रावक, म्हणजे औषध बनवताना पदार्थ विरघळवायला वापरलेली रसायनं. ते थेट गावाच्या हवेत मिसळतात. म्हणून हे पाणी बंद भांड्यातच उकळावं लागतं.

गोळ्या-कॅप्सूल भरणाऱ्या कारखान्याचा हा प्रश्न तुलनेने छोटा असतो. खरा भार असतो तो मूळ औषध, म्हणजे बल्क ड्रग बनवणाऱ्यांचा. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक साधं माप मांडलं: एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा होतो? तेलशुद्धीकरणात तो ०.१ किलोहून कमी, तर औषधात २५ ते १०० किलो आणि कधी त्याहूनही जास्त. एक औषध तयार व्हायला अनेक रासायनिक पायऱ्या लागतात. बऱ्याच पायऱ्यांवर आम्ल वापरतात, मग ते कॉस्टिक सोड्याने मारतात आणि दरवेळी मीठ तयार होतं.

या पाण्यात दोन प्रकारची घाण असते. एक सेंद्रिय, जी सीओडीने (ती रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्यावरून) मोजतात, आणि दुसरी विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस. पहिलीतला बराचसा भाग जिवाणू खातात. त्यांना हवा लागते (पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम ऑक्सिजन टिकावा लागतो) आणि खुराकही लागतो: १०० भाग बीओडीमागे (म्हणजे जिवाणूंना खाता येणाऱ्या घाणीमागे) ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद. म्हणून ऑपरेटर टाकीत युरिया आणि डीएपी टाकतात, आणि टाकी नव्याने सुरू करताना शेण आणि गूळ. शेण इथे काम करतं ते त्यातल्या जिवाणूंमुळे, कुठल्या पवित्र गुणामुळे नाही. पण मीठ कोणताही जिवाणू खात नाही. ‘टीडीएस खाणारे जिवाणू’ म्हणून पाकिटं विकली जातात, ती शुद्ध फसवणूक आहे. उलट, खारं पाणी एकदम टाकीत सोडलं तर जिवाणूंच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, जिवाणूंच्या गाळाचे पुंजके फुटतात आणि तपासणीच्या लिटरभर नळकांड्यात अर्ध्या तासात खाली बसणारा गाळ गढूळ होऊन वरच तरंगत राहतो.

म्हणून पहिलं काम असतं ते पाणी मुळातच वेगळं ठेवण्याचं. फरशी धुतलेलं, बॉयलरचं आणि संडास-बाथरूमचं पाणी एका वाहिनीत, तर रिअ‍ॅक्टरमधलं घट्ट खारं पाणी दुसऱ्या वाहिनीत. खाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) आधी सात-आठच्या आसपास आणतात, मग ते स्ट्रिपरच्या उंच स्तंभातून वाफेच्या विरुद्ध दिशेने खाली सोडतात. द्रावक वरून निघून जातात. उरलेलं पाणी जातं मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरकडे, ज्याला कारखान्यात सगळे एमईई म्हणतात. या सबंध व्यवस्थेतलं सगळ्यात देखणं यंत्र हेच.

एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी पुरतात, पण त्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. ही ५४० वाया जात नाहीत, ती वाफेत साठून राहतात. वाफ पुन्हा पाणी झाली की तेवढी उष्णता परत मिळते. मग पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ दुसरं भांडं उकळायला का वापरू नये? अडचण एकच: उष्णता गरमकडून थंडकडेच जाते, म्हणून दुसरं भांडं पहिल्यापेक्षा कमी तापमानाला उकळलं पाहिजे. ते साधायचं दाब कमी करून. दाब वातावरणाच्या ०.७ पट केला की पाणी ९० अंशांना उकळतं, ०.३८ पट केला की ७५ अंशांना आणि ०.२ पट केला की ६० अंशांना. शेवटच्या भांड्याला कंडेन्सर (वाफ गार करून पाणी करणारं यंत्र) आणि व्हॅक्यूम पंप जोडतात, आणि ताजी वाफ फक्त पहिल्या भांड्याला देतात. तीन भांड्यांत बॉयलरच्या एक किलो वाफेवर अडीच किलोच्या आसपास पाणी उडतं. आपल्या ५० हजार लिटरला एका भांड्यात ५० टनांहून जास्त वाफ लागली असती, ती आता २० टनांवर येते. एक किलो कोळशावर ५ किलो वाफ धरली तर रोजचे दहा टन कोळसे चारवर येतात.

मग दहा भांडी का नाही लावत? कारण वरच्या आणि खालच्या तापमानात मुळात चाळीसेक अंशांचंच अंतर असतं आणि प्रत्येक भांड्याला त्यातला वाटा लागतो. त्यात मीठ आडवं येतं. मिठाने संपृक्त पाणी साध्या दाबाला १०८ अंशांच्या पुढे उकळतं, पण त्यातून निघालेली वाफ थंड होते ती १०० अंशांनाच. मधले आठ अंश फुकट गेले. द्रावण जितकं घट्ट तितका हा तोटा मोठा.

बिघाडही ठरलेले आहेत. कॅल्शियम सल्फेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून ते नेमकं तापलेल्या नळ्यांवर बसतं आणि उष्णता अडवतं. स्ट्रिपरचा खर्च वाचवायला गेलं तर मिथेनॉल वाफेबरोबर पुढच्या ‘शुद्ध’ पाण्यात उतरतं आणि जिवाणूंच्या टाकीवर एकदम भार येतो. फेस आला तर खारे थेंब वाफेबरोबर उडतात. आणि घरातला कूलर मे महिन्यात गार हवा देतो पण ऑगस्टमध्ये नुसता दमटपणा, तसंच कंडेन्सरला गार पाणी पुरवणाऱ्या कूलिंग टॉवरचं होतं. दमट हवेत पाणी गार होत नाही, व्हॅक्यूम कमी पडतो, शेवटचं भांडं मंदावतं. म्हणजे विदर्भात एमईईची खरी परीक्षा उन्हाळ्यात नसून पावसाळ्यात असते, नेमकी नाले वाहत असताना. पाणी गुपचूप सोडण्याचा मोह तेव्हाच होतो.

एमईईनंतर उरलेला लगदा पातळ थराच्या ड्रायरमध्ये कोरडा करतात. कॅल्शियम क्लोराइड जास्त असेल तर तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि चिकटच राहतो. हे मीठ विरघळणारं असल्याने उघड्यावर टाकता येत नाही. विदर्भातलं घातक कचऱ्याचं केंद्र बुटीबोरीला आहे. कारखान्यात साठवायची मुदत ९० दिवस आहे आणि पाठवताना फॉर्म १० (कचऱ्याच्या वाहतुकीची नोंद) भरावा लागतो. बॉयलरला कोळशाऐवजी पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या कुटाराच्या विटा वापरता येतात. हा चांगला पर्याय आहे, पण त्यांच्या राखेतलं पोटॅश लवकर वितळून जाळीवर खंगर धरतं.

प्रतिजैविकांचं पाणी मात्र आणखी वेगळं ठेवावं लागतं. २००७ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळलं. जिवाणूंत प्रतिकारशक्ती वाढू नये यासाठी संशोधकांनी सुचवलेली मर्यादा लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. पेनिसिलिनच्या रेणूतली कडी कॉस्टिकने मोडते, सिप्रोफ्लॉक्सॅसिनची मोडत नाही. त्याला ओझोन किंवा भट्टीच लागते. केंद्राने जानेवारी २०२० च्या मसुद्यात प्रतिजैविकांच्या मर्यादा घातल्या होत्या, ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या गळाल्या. हे व्हायला नको होतं.

कारखान्याच्या दारावरच्या ‘शून्य विसर्ग’ पाटीपेक्षा मिठाचा हिशेब पाहावा. लिटरला ४० ग्रॅम क्षार असलेलं ५० हजार लिटर पाणी म्हणजे रोज २ टन आणि महिन्याला ६० टन मीठ. ते वाहनात भरून बुटीबोरीला गेलंच पाहिजे. कारखाने दर ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला फॉर्म ५ देतात आणि तो माहिती अधिकारात मागता येतो. त्यात घातक कचऱ्याचं वजन असतं.

काळ्या जमिनीला सोडियम फार लवकर बाधतो. चिकणमातीचे कण सुटे होतात, निचरा बंद पडतो आणि जमीन चोपण होते. कपाशी माती-द्रावणाची मीटरला ७.७ डेसिसिमेन्सपर्यंत (हे क्षारतेचं विजेवरून घेतलेलं माप) क्षारता सोसते, संत्र्याचं उत्पादन १.७ नंतरच घटू लागतं. म्हणून कारखाना सुरू होण्याआधीच ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींच्या पाण्याच्या टीडीएसची नोंद घ्यावी, मे आणि ऑक्टोबर अशी दोनदा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी मुळातच खारं असल्याने आधीच्या नोंदीशिवाय काहीच सिद्ध होत नाही. टीडीएस पेन एवढ्यासाठी पुरतो, पण द्रावक आणि औषधं त्याला दिसत नाहीत, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. पेन दर महिन्याला १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाणित द्रावणात, २५ अंशांना, तपासून घ्यावा.