सीझनची बेस्ट टीम आणि चॅम्पियन टीम: बेसबॉलमध्ये हे एकच का नसतं

मेजर लीग बेसबॉल नवीन नवीन बघायला लागलेल्या माणसाचा पहिला गोंधळ हमखास इथेच होतो. एक टीम सहा महिने स्टँडिंग्जमध्ये वर बसलेली असते आणि ट्रॉफी उचलते भलतीच कोणीतरी. मग प्रश्न येतोच, की अरे मग ते १६२ मॅच खेळले कशाला? प्रश्न रास्त आहे, फक्त त्यात दोन वेगळ्या स्पर्धा एक धरल्यात. मार्चअखेर ते सप्टेंबर चालतो तो रेग्युलर सीझन, आणि ऑक्टोबरचा पोस्टसीझन, म्हणजे प्लेऑफ. पहिल्यातले विजय दुसऱ्यात बरोबर येत नाहीत, सगळ्यांची पाटी कोरी.

२००१ ची सिॲटल मरिनर्स आणि २००६ ची सेंट लुईस कार्डिनल्स शेजारी ठेवा, लगेच कळेल.

सिॲटलने ११६ जिंकल्या, ४६ हरल्या. एका सीझनमध्ये ११६ पेक्षा जास्त आजवर कोणीच जिंकलेल्या नाहीत, आणि १९०६ च्या शिकागो कब्जने बरोबर तेवढ्याच जिंकल्या होत्या (गंमत म्हणजे वर्ल्ड सिरीज, म्हणजे शेवटची फायनल, तेही हरले, तेही आपल्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सकडून). आणि ही सिॲटल म्हणजे काय टीम, तर रँडी जॉन्सन गेलेला, ग्रिफी गेलेला, ॲलेक्स रॉड्रिगेझ पण गेलेला, तीन वर्षांत तीन सुपरस्टार गेले आणि वर ११६ जिंकल्या! जपानहून आलेल्या इचिरोने पहिल्याच वर्षी २४२ हिट्स मारल्या, रूकी ऑफ द इयर (वर्षाचा बेस्ट नवखा) पण तोच आणि एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) पण तोच, आणि ३८ वर्षांचा जेमी मॉयर हळू हळू बॉल टाकून २० मॅच जिंकून बसला. ऑक्टोबर आला, क्लीव्हलँडला पाचव्या मॅचपर्यंत खेचून कसंबसं हरवलं, आणि पुढे ९५ विजयवाल्या यांकीजने ४-१ ने घरी पाठवलं. संपलं. सिॲटल आजवर एकही वर्ल्ड सिरीज खेळलेली नाही, २०२५ मध्ये दारापर्यंत गेले आणि सातव्या मॅचमध्ये टोरांटोकडून हरले.

आता कार्डिनल्स. ८३ विजय, ७८ पराभव. म्हणजे जवळजवळ निम्म्या मॅच हरलेली टीम. सप्टेंबरच्या शेवटी सलग सात हरले, डिव्हिजन (लीगमधला आपला गट) हातातून जाता जाता वाचली, शेवटी ह्यूस्टनच्या फक्त दीड गेम पुढे राहून आत घुसले. मेन क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, इसरिंगहाउझन इंजर्ड, म्हणून ॲडम वेनराइट नावाच्या रूकीला नववी इनिंग दिली. आणि हीच टीम चॅम्पियन!

मला स्वतःला त्या वर्षीचा, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीतला, न्यूयॉर्कमधला मेट्सविरुद्धचा सातवा सामना फार आवडतो. मेट्स ९७ मॅच जिंकून आलेले. १-१ वर अडकलेल्या मॅचमध्ये नवव्या इनिंगला कार्डिनल्सच्या मोलिनाने दोन रनचा होमर (होमरन) मारला, सीझनभर त्याची बॅटिंग यथातथाच होती. मग त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात मेट्सची बॅटिंग, दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले, समोर कार्लोस बेल्ट्रान, ज्याने त्या सीझनला ४१ होमर मारलेले. दोन स्ट्राइक झाले आणि वेनराइटने असा कर्व्हबॉल टाकला की बेल्ट्रान बॅट खांद्यावर घेऊन नुसता बघत राहिला. तिसरा स्ट्राइक म्हणजे आऊट, मॅच संपली.

वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच कार्डिनल्सनी दिली पिचर अँथनी रेयेसला, ज्याचा सीझनचा रेकॉर्ड होता ५ विजय ८ पराभव, आणि त्याने डेट्रॉइटच्या व्हरलँडरला हरवलं. शेवटची मॅच जेफ वीव्हरने जिंकली, जो त्याच सीझनच्या मध्यात आधीच्या टीमला नकोसा झाला होता.

आता याला नुसतं नशीब म्हणून सोडून देता येत नाही, नशीब आहेच म्हणा, पण खेळच बदलतो. रेग्युलर सीझनमध्ये जवळजवळ रोज मॅच असते म्हणून पाच स्टार्टिंग पिचर (मॅचची सुरुवात करणारे) लागतात, बेंच लागते, ऑगस्टच्या उन्हात कोणीतरी थकलेल्याची जागा घ्यायला लागते. ही सगळी परीक्षा टीममध्ये चांगले खेळाडू किती खोलवर आहेत याची. ऑक्टोबरमध्ये मध्ये मध्ये सुट्ट्या असतात, तीन-चार चांगले पिचर असले की भागतं, पाचवा बाकावर. म्हणजे सिॲटलसारख्या टीमची जी खरी ताकद, तीच नेमकी कमी कामाची होते. शिवाय बेसबॉलमध्ये १०० जिंकणारी टीम म्हणजे जबरदस्त, आणि तीसुद्धा ६२ हरतेच, मग पाचपैकी तीन मॅच हरणं यात एवढं आश्चर्य काय?

आयपीएलवाले म्हणतील टेबल टॉपर आमच्याकडेही हरतो. हो, पण पहिल्या दोघांना क्वालिफायर हरला तरी अजून एक चान्स मिळतो. इथे मेजर लीगच्या आत दोन लीग आहेत, २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा टीम आत येतात, वरच्या दोघांना पहिला राउंड माफ, आणि मग सरळ बेस्ट ऑफ फाइव्ह, हरलात की सुट्टी. त्याच वर्षी १११ जिंकलेले डॉजर्स ८९ वाल्या सॅन डिएगोकडून तिथेच गेले.

पूर्वी असं नव्हतं. १९६८ पर्यंत लीगमध्ये पहिला आलात की पेनंट (लीगचं विजेतेपद) तुमचा आणि थेट वर्ल्ड सिरीज, मधली भानगडच नाही. त्या नियमाने २००१ चा पेनंट सिॲटलचाच होता. १९६९ पासून डिव्हिजन आल्या, प्लेऑफ आले, आणि पेनंट पण ऑक्टोबरमध्येच ठरायला लागला.

रेकॉर्डबुकमध्ये पण दोन्ही खाती वेगळी ठेवतात. मिकी मँटलच्या करिअरचे होमर ५३६ लिहिलेले दिसतील, त्यात त्याने वर्ल्ड सिरीजमध्ये मारलेले १८ धरलेलेच नाहीत. एमव्हीपीची मतं तर पोस्टसीझन सुरू व्हायच्या आधीच घेतात, त्यामुळे एखादा ऑक्टोबरमध्ये कितीही धुतला तरी त्या ट्रॉफीशी त्याचा संबंध नाही, वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी वेगळा, आणि २००६ मध्ये तो मिळाला डेव्हिड एक्स्टाइनला, ज्याने अख्ख्या सीझनमध्ये दोनच होमर मारले होते.